घरच्या माणसाचा श्वास कसा मोजावा : सीमाभागातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या आप्पांना उतारवयात छातीचा विकार जडला. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, घरात आम्ही अजूनही ‘धाप’च म्हणतो. एका पावसाळी रात्री ही धाप वाढली, तेव्हा मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘श्वास मिनिटाला किती आहेत?’’ बोटाला लावायचे यंत्र हाताशी होते. त्यावरचा एक आकडा वाचून मी ‘‘अठ्ठ्याण्णव’’ असे सांगून मोकळा झालो. तो नाडीचा आकडा होता. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर मी छातीकडे पाहून मोजले, तर चव्वेचाळीस भरले. घाबरून जीप ठरवली आणि आप्पांना रात्रीच कोल्हापूरला नेले. तिथल्या परिचारिकेने मिनिटभर शांतपणे मोजून बावीस असा आकडा लिहिला. छाती वर गेली की एक आणि खाली आली की दुसरा, असे मी मोजत आलो होतो.

त्या रात्री आप्पांना औषधाची गरज होतीच, त्यामुळे फेरी अगदीच वाया गेली नाही. परंतु चव्वेचाळीस आणि बावीस यांतला फरक माणसाचा नव्हता, मोजणाऱ्याचा होता, हे मनात राहिले. त्यानंतर मी ही मोजणी नीट शिकून घेतली. ती शिकायला पैसे लागत नाहीत आणि यंत्रही लागत नाही; फक्त एक मिनिट लागते, आणि चुका बहुतेक त्या एका मिनिटाच्या घाईतच होतात.

१. काय मोजायचे आहे ते आधी नक्की करा

एकदा आत घेतलेला श्वास आणि एकदा बाहेर सोडलेला उच्छ्वास मिळून एक श्वसन होते. छाती किंवा पोट वर आले की ‘एक’ म्हणा, खाली जाताना गप्प राहा, पुन्हा वर आले की ‘दोन’ म्हणा. विश्रांतीत असलेल्या माणसाची अशी एका मिनिटातली संख्या म्हणजे त्याचा श्वसनदर.

बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर घरोघरी आहे आणि त्यामुळेच हा गोंधळ फार होतो. त्यावर दोन आकडे दिसतात. टक्क्यांतला आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीच्या ठोक्यांचा. घरी वापरायच्या साध्या यंत्रात श्वसनदर बहुधा दाखवलेला नसतो. शिवाय ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतो म्हणून श्वास ठीक आहे, असेही समजू नये. शरीर वेगाने श्वास घेऊन बराच वेळ तो आकडा सावरून धरते. अशा वेळी तब्येत बिघडत असल्याचे आधी कळते ते श्वासाच्या वेगावरून, टक्के घसरतात नंतर.

श्वास हे एक विचित्र काम आहे. झोपेत तो आपला आपण चालतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेला लंबमज्जा हा भाग रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून त्याचा वेग ठरवतो. तरीही मनात आले की तो आपण लांबवू शकतो, रोखू शकतो, घाईने घेऊ शकतो. नाडीच्या बाबतीत असे करता येत नाही. म्हणूनच ‘आता तुमचा श्वास मोजतो’ असे सांगितल्याबरोबर चांगला धडधाकट माणूसही दीर्घ श्वास घेऊ लागतो आणि मोजणी तिथेच फसते.

२. लागणारे साहित्य

सेकंदकाटा असलेले मनगटी किंवा भिंतीवरचे घड्याळ, एक वही, पेन आणि पुरेसा उजेड इतके पुरे. मोबाइलवर मोजायचे असेल तर मिनिटभराचा गजर लावून फोन बाजूला ठेवा. पडद्यावर धावणारे सेकंद पाहत राहिलात तर छातीवरची नजर हटते. सोबत तापमापक असावा, कारण तापाशिवाय श्वासाची नोंद अपुरी राहते. ऑक्सिमीटर असल्यास उत्तम, पण बोट गार पडले असेल किंवा नखाला मेंदी अथवा रंग लावलेला असेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

आकडा ध्यानात राहत नसेल तर तुरीचे दाणे जवळ घेऊन दर दहा श्वासांना एक दाणा बाजूला सारावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या अल्पशिक्षित आरोग्यसेवकांसाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार केले होते, ते याच धर्तीवर. शंभरापर्यंत सलग मोजता न येणाऱ्या माणसालाही त्यामुळे बाळाचा न्यूमोनिया ओळखता येऊ लागला. आमच्या आईने ही दाण्यांची युक्ती एका दिवसात उचलली. आजही तिचा आकडा माझ्यापेक्षा भरवशाचा असतो, हे मला मान्य करावे लागते.

३. वेळ आणि बैठक निवडा

विश्रांतीतला दर हवा असेल तर माणूस खरोखर विश्रांतीत असला पाहिजे. जिना चढून आल्यावर, परसातून आल्यावर, जेवण झाल्याबरोबर किंवा भांडण झाल्याबरोबर मोजू नये. किमान दहा मिनिटे शांत बसू द्यावे. चहा, विडी किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबावे.

बैठक रोज एकच ठेवा. आप्पांना आम्ही पाठीशी दोन उशा देऊन पलंगावर टेकून बसवतो, कारण आडवे झाले की त्यांची धाप वाढते. ज्याला आडवे होताच दम लागतो आणि उठून बसले की बरे वाटते, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना वेगळी सांगावी. हृदयाच्या विकारातही हे दिसते. कुणाला झोपेत मोजायला सोपे जाते आणि त्यात चूक काही नाही, मात्र झोपेतला दर थोडा कमी येतो. म्हणून वहीत ‘झोपेत’ असे लिहा आणि जागेपणीच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात माणसे दोन-दोन वाकळा पांघरून बसलेली असतात, हे मला ठाऊक आहे. तरी तेवढ्या मिनिटापुरती वाकळ कमरेपर्यंत खाली घ्यावी. वाकळीवरून श्वास दिसत नाही, नुसता अंदाज होतो.

४. प्रत्यक्ष मोजणी

परिचारिकांची एक जुनी रीत आहे आणि तिच्याइतका चांगला उपाय मला दुसरा सापडलेला नाही. रोग्याचे मनगट हातात घ्या आणि ‘नाडी बघतो’ म्हणा. अर्धा मिनिट खरोखर नाडी पाहा. नंतर हात न सोडता, काही न बोलता, नजर छातीवर किंवा पोटावर न्या आणि श्वास मोजायला लागा. छाती नीट दिसत नसेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवून त्यावर आपला हात ठेवावा. हात वर-खाली होताना जाणवतो. वयस्क स्त्रियांच्या बाबतीत पदरावरून मोजण्यापेक्षा हे अधिक सोयीचे पडते आणि संकोचही होत नाही.

सेकंदकाटा बारावर आला की सुरू करा आणि पुन्हा बारावर येईपर्यंत थांबू नका. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची सवय अनेकांना असते. घाईच्या दवाखान्यांतही मी ती पाहिली आहे. पंधरा सेकंदांत एका श्वासाची चूक झाली तर मिनिटाच्या आकड्यात ती चारची होते, म्हणजे खऱ्या अठराचे सहज बावीस होतात. आजारी माणसाचा श्वास एका लयीत नसतो, काही जलद, मध्येच एक लांब, हे दुसरे कारण. पूर्ण मिनिट मोजल्यानेच हे चढ-उतार एकमेकांत जिरतात.

मध्येच रोगी खोकला, बोलला किंवा हसला तर ती मोजणी सोडून द्या आणि पुन्हा सुरू करा. आकडा अनपेक्षित आला तर पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. त्यांतला आपल्याला बरा वाटणारा तेवढाच लिहिण्याचा मोह होतो. मलाही झाला आहे.

मोजून झाल्यावर आणखी काही क्षण नुसते पाहा. श्वास उथळ आहे की खोल, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, मानेचे स्नायू ताणले जातात का, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का, हे आकड्याच्या शेजारी दोन शब्दांत लिहावे. याला कारण आहे. मोठे माणूस एका साध्या श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा घेते, आणि त्यातली सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकांमध्येच राहते, रक्तापर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला १२ शांत श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत येते आणि ४ लिटरपेक्षा जास्त कामी लागते. तीच ६ लिटर हवा २०० मिलिलिटरच्या ३० उथळ श्वासांनी घेतली, तर जेमतेम दीड लिटर कामाची उरते. छातीचा भाता जोरात चालतो, माणूस थकतो आणि पदरात काही पडत नाही.

५. लहान मुलांसाठी वेगळे नियम

मूल रडत असताना, दूध पीत असताना किंवा ते पिऊन झाल्याबरोबर मोजू नका. आईच्या मांडीवर शांत असताना किंवा झोपेत मोजावे. अंगातले झबले वर सरकवून पोट पाहा, कारण तान्ह्या मुलांचा श्वास छातीपेक्षा पोटावर स्पष्ट दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने जलद श्वासाच्या ठरवलेल्या मर्यादा आशा कार्यकर्त्यांनाही शिकवल्या जातात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आतल्या बाळात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. खोकला-सर्दी असताना हा आकडा आला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दाखवायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० भरले तर लगेच दुसऱ्यांदा मोजून खात्री करून घ्यावी, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. ते काही वेळ भरभर श्वास घेते, पाच-दहा सेकंद थांबते आणि पुन्हा सुरू करते. निरोगी नवजात बाळातही हे दिसते. हा खंड वीस सेकंदांपर्यंत लांबला किंवा त्यात बाळ निळसर अथवा ढिले पडले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

आकडा मर्यादेच्या आत असला तरी श्वास घेताना खालच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, अंगावर पीत नसेल किंवा जागे करूनही सुस्त पडून राहत असेल, तर मोजत बसू नका, निघा. आपल्या भागात अजूनही कुठे कुठे पोट उडायला लागले की पोटावर चटके देणाऱ्याकडे नेतात. चटक्याने फुप्फुसातला जंतू मरत नाही. जातो तो उपचाराचा वेळ, आणि वर जखम होते ती वेगळीच.

प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ पाहायला येतात. त्यांपैकी एखाद्या भेटीत त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः श्वास मोजा आणि त्यांचा आकडा तुमच्याशी जुळतो का ते पाहा. शिकायला याहून चांगली संधी मिळत नाही.

६. आकड्याचा अर्थ

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वसनदर साधारणपणे मिनिटाला १२ ते २० असतो. आपल्याकडे परंपरेने दिवसरात्रीचे २१,६०० श्वास मानतात; १४४० मिनिटांनी भागले तर बरोबर १५ येतात. सूर्यसिद्धांतातल्या कालगणनेत सहा प्राणांचे एक पळ धरले आहे. पळ चोवीस सेकंदांचे, म्हणजे एक प्राण चार सेकंदांचा, आणि उत्तर पुन्हा पंधराच येते. घड्याळ नसलेल्या काळातला हा हिशेब आजच्या मर्यादेत चपखल बसतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धती अनेक देशांतल्या रुग्णालयांत वापरतात. तिच्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त : १२ ते २० ला शून्य गुण, ९ ते ११ ला एक आणि २१ ते २४ ला दोन गुण आहेत. २५ किंवा अधिक, तसेच ८ किंवा कमी श्वासांना सर्वाधिक तीन गुण दिले आहेत. घरच्या वापरासाठी यातून एवढे घ्यावे की विश्रांतीत दोनदा मोजूनही २१ ते २४ येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, २५ किंवा अधिक असतील तर ताबडतोब दाखवावे आणि ३० च्या वर असतील तर गाडी मागवून मग फोन करावा.

दर वाढण्याची कारणे फुप्फुसातच असतात असे नाही. ताप, वेदना, भीती, रक्तक्षय, हृदयाची दुर्बलता, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग या सगळ्यांत श्वास वाढतो. तापात वाढलेला दर ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा, मात्र धोक्याची लक्षणे दिसत असतील तर ताप उतरायची वाट पाहू नये. मधुमेही माणूस खोकला किंवा घरघर नसताना खोल आणि जलद श्वास घेऊ लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला आणि उलट्या होत असतील, तर रक्तात आम्ल साचल्याची ती खूण असू शकते. तेव्हा फुप्फुसाच्या औषधाने काही होणार नाही. गरोदरपणात दम लागल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तेव्हा श्वास खोल होतात, त्यांची संख्या फारशी वाढत नाही. म्हणून आकडा खरोखर वाढला असेल तर ‘दिवस भरत आलेत, असेच व्हायचे’ म्हणून तो सोडून देऊ नका.

कमी आकड्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. झोपेच्या गोळ्या, काही तीव्र वेदनाशामके, दारू किंवा डोक्याला लागलेला मार यांमुळे श्वास मंदावतो, आणि माणूस ‘छान झोपला आहे’ असे घरच्यांना वाटत राहते. हाक मारून, हलवून जागा होत नसेल आणि श्वास आठ-नऊवर आले असतील तर ती झोप नव्हे. सीओपीडीच्या रोग्यांसाठी घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर त्यांचे लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्के ठेवलेले असते. शेजाऱ्यांनी सुचवले म्हणून आकडा ९८ वर नेण्यासाठी प्रवाह वाढवू नये. अशा काही रोग्यांत त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

७. बऱ्या दिवसांतली नोंद

आप्पांचा बऱ्या दिवसांतला आकडा १९ ते २१ असतो. कोल्हापूरच्या त्या रात्रीचे बावीस त्यांच्यासाठी थोडेच वर होते. माझ्या भावाचा आकडा १३ आहे. त्याला बावीस झाले तर मी काळजीत पडेन. हा फरक कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. तो घरच्या वहीतच सापडतो, आणि वही आजारपण सुरू झाल्यावर उघडून उपयोग नसतो. घरातल्या दमेकरी, हृदयरोगी आणि वयस्क माणसांचे आकडे बऱ्या दिवसांत सलग आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ एकाच बैठकीत घेऊन ठेवा. तारीख, वेळ, बसून की झोपेत, श्वास, नाडी, ताप आणि शेरा, एवढे रकाने पुरतात. पुढे महिन्यातून दोनदा मोजले तरी चालते. पावसाळा, उसाचे पाचट पेटवण्याचे दिवस आणि घरात मिरची कुटण्याचा आठवडा, या काळात मात्र आमची वही रोज भरते.

उलट टोकही सांभाळा. दर तासाला मोजू लागलात तर रोगी धास्तावतो आणि धास्तीनेच श्वास वाढतो.

८. निघायची वेळ आली तर

ओठ किंवा जीभ निळसर पडणे, दोन-तीन शब्दांनंतर थांबावे लागणे, भ्रम होणे, छातीत कळ येणे किंवा वर सांगितलेल्या तातडीच्या मर्यादा ओलांडल्या जाणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. हा क्रमांक कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही, म्हणून सीमेलगतच्या गावांतून बोलताना गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य हे सर्वांत आधी सांगावे. गाडी येईपर्यंत रोग्याला टेकून बसवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि दम लागलेला असताना बळेबळे पाणी पाजू नका.

एका पिशवीत ही कागदपत्रे कायम भरून ठेवा : मागच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, जुना एक्स-रे, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि काढलेले असल्यास आयुष्मान कार्ड. फवारा किंवा इनहेलर घेत असाल तर तोही टाका, नुसते नाव सांगून भागत नाही. मिरज किंवा कोल्हापूरला नेणार असाल तर कर्नाटकातले कार्ड तिथल्या रुग्णालयात चालते का, हे बऱ्या दिवसांतच फोन करून विचारून ठेवावे.

लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लजकडून आलेल्या सुनांना कन्नड येत नाही आणि नेमके घरात दुसरे कोणी नसताना प्रसंग ओढवतो. त्यांच्यासाठी वहीच्या पुठ्ठ्यावर आम्ही काही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. श्वसनाला उसिराट, मिनिटाला म्हणजे निमिषक्के, तापाला ज्वर, खोकल्याला केम्मु. वीस म्हणजे इप्पत्तु, पंचवीस इप्पत्तैदु, तीस मूवत्तु, चाळीस नलवत्तु, पन्नास ऐवत्तु आणि साठ अरवत्तु. ‘उसिराट निमिषक्के मूवत्तु इदे’ एवढे वाक्य जरी स्पष्ट बोलता आले, तरी पलीकडचा माणूस पुढचे प्रश्न त्या अनुरोधाने विचारतो. त्याखाली आप्पांचा बऱ्या दिवसांतला आकडा लिहिलेला आहे, म्हणजे फोनवर लगेच दुसरे वाक्यही सांगता येते.